खोली क्रमांक सत्तावीस : शेरा

आमची चाळ पाडून तिथे मनोरा उभारण्याचे ठरल्यावर, ज्यांना तो उभारायचा आहे त्यांच्या कचेरीकडून भाडेकरूंची यादी आली. मी ती हातात लाल पेन्सिल घेऊन वाचली, कारण चाळ कमिटीचा चिटणीस या नात्याने कोणताही कागद मी लाल पेन्सिलीशिवाय वाचत नाही. खोली क्रमांक सत्तावीससमोर लिहिले होते : "भाडेकरू – मयत. वारस – नाही. शेरा – काही नाही."

पहिल्या दोन रकान्यांबद्दल माझी तक्रार नाही. तिसऱ्याबद्दल आहे. 'काही नाही' हे विधान कोणत्या चौकशीच्या आधारे केले, ती चौकशी कोणी केली आणि कोणाकोणाच्या साक्षी नोंदवल्या, एवढेच मी त्या कचेरीला विचारले. तीन पत्रे पाठवली, तिन्ही पोचपावतीसह. पोचपावत्या आल्या, उत्तर आले नाही. ज्या माणसांना उत्तर देता येत नाही त्यांनी शेरे मारू नयेत, असा कायदा नाही, ही आपल्या कायद्यातील उणीव आहे. तेव्हा चौथ्या पत्राऐवजी तो शेराच मी येथे लिहून देत आहे. रकाना अपुरा पडला तर तो त्यांचा प्रश्न.

सत्तावीसमध्ये एक बाई राहत असत. उंच, अविवाहित, पांढरे सुती पातळ आणि पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. जन्म फणसवाडीतला, शिक्षण निम्मे गिरगावात आणि निम्मे परदेशात, आणि नोकरी परळच्या एका प्रयोगशाळेत. तिथे पायी जाता यावे, एवढ्याच कारणासाठी त्या आमच्या गिरणी कामगारांच्या चाळीत राहायला आल्या. कोंबडीच्या अंड्यात दोन-चार दिवसांचा जो गर्भ असतो, त्याचा मज्जारज्जू, म्हणजे कण्याच्या पोकळीतून जाणारी मज्जातंतूंची दोरी, कसा घडतो आणि त्यातल्या कोणत्या पेशीने पुढे कोणते काम करायचे हे कसे ठरते, हा त्यांचा विषय. दारावर नावाखाली त्यांनी 'मज्जारज्जू संशोधन' अशी पाटी लावली. चाळीने त्या पाटीचा अर्थ आपल्या सोयीने लावला : कण्याच्या डॉक्टर आल्या.

तो गिरण्यांच्या संपाचा पहिला पावसाळा. साचेखात्यात वीस-वीस वर्षे मागांमध्ये उभे राहिलेली माणसे, ज्यांना पाठ दुखायला कधी सवड मिळाली नव्हती, ती घरी बसली, आणि सगळ्यांच्या पाठी एकदम दुखू लागल्या. सत्तावीसच्या दारात सकाळी रांग लागायची.

"बाई, हितं. खाली. बसलो की उठवत नाय."

"वय काय तुमचं?"

"बावन्न."

"मला फक्त चौथ्या दिवसापर्यंतचं कळतं हो. तुम्ही फार उशिरा आलात."

तो माणूस घाबरून जायचा. मग बाई त्याला हॉस्पिटलाचा रस्ता सांगायच्या, पण जाऊ द्यायच्या नाहीत. चहा करायच्या आणि विचारायच्या, "कोणत्या खात्यात होता? ताणा म्हणजे काय? धागा तुटला हे तुम्हाला कसं कळतं, डोळ्यांनी की कानांनी?" तासाभराने माणूस उठायचा तो ताठ. औषध काय दिले म्हणून विचारले तर सांगायचा, "औषध नाय दिलं. पण बाईंना सगळं समजावून आलो."

तेव्हापासून त्या 'कण्याच्या बाई' झाल्या. "कणा म्हणजे हाड. माझा हाडाशी काडीचा संबंध नाही," असे त्या प्रत्येकाला सांगत. कोणी ऐकले नाही.

बाईंचा दिवस आपल्यासारखा सकाळी उजाडत नसे. अंड्यांना ऊब लागल्यापासून त्या तास मोजत आणि जगाचा सगळा कारभार त्या तासांवर चालत असे. "चिटणीस, आत्ता बोलू नका, छत्तीस झालेत," असे म्हणून त्या जिन्यात मला ओलांडून जात. हातात अॅल्युमिनियमचा डबा, डब्यात कापूस, कापसात अंडी. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, नजर समोर. गणपतीच्या दिवसांत लालबागच्या गर्दीत मुंगीला शिरता येत नसे. पण बाई डबा घेऊन निघाल्या की लोक 'नैवेद्य आहे, वाट द्या' म्हणत बाजूला होत. एकदा एका म्हातारीने डब्याला हात लावून तो कपाळाला टेकवला. बाई म्हणाल्या, "हलवू नका, आई. आत मंडळी झोपलेली आहेत."

मी त्यांच्याविरुद्ध चार पत्रे लिहिली, हे नमूद करणे मला भाग आहे. पहिले, खोलीत विनापरवाना उबवणी पेटी ठेवल्याबद्दल. दुसरे, त्या पेटीच्या गुणगुणण्याबद्दल. तिसरे, पहिल्या दोन पत्रांना उत्तर न दिल्याबद्दल. तिसऱ्याला उत्तर आले : "आपली पत्रे मिळाली. अंडी अठ्ठेचाळीस तासांची असल्याने सविस्तर उत्तर शुक्रवारी." शुक्रवारी त्या स्वतःच आल्या. चौथे पत्र माझ्या टेबलावर तयार होते, ते त्यांनी उभ्याउभ्या वाचले.

"याच्यावर तारीख नाही, चिटणीस."

मी माझा नियम सांगितला. मजकूर कितीही दिवस आधी लिहावा, फिरवावा, सुधारावा. तारीख मात्र पाकिटात घालण्याच्या क्षणी टाकावी. तारीख पडेपर्यंत कागद हा नुसता कागद असतो. तारीख पडली की मुदती सुरू होतात, हक्क निर्माण होतात, माणसे उत्तराला बांधली जातात.

बाईंनी पत्र खाली ठेवले आणि त्या प्रथमच माझ्याकडे माणसाकडे बघावे तशा बघू लागल्या. "अहो, म्हणजे माझं अंडंच की! घातलेलं अंडं थंड जागी ठेवलं तर आठवडाभर तसंच राहतं. आत काही होत नाही. ऊब दिली की घड्याळ सुरू. मग थांबवता येत नाही." जाताना दारात वळून म्हणाल्या, "चांगला नियम आहे. मोडू नका."

त्या पत्रावर मी तारीख टाकली नाही. पेटी गुणगुणत राहिली.

मी एका गिरणीत टाइमकीपर होतो. संपात मी कामगारांचे अर्ज, निवेदने, खुलासे लिहिले; त्याचे बक्षीस म्हणून मला परत घेतले गेले नाही. संप संपला असे लोक म्हणतात. तो मागे घेतल्याचे पत्र कोणाकडे असेल तर मला दाखवावे. माझा दावा कामगार न्यायालयात किती वर्षे चालला, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मी वेगळी फाईल ठेवली आहे. येथे सांगायचे ते एवढेच, की गिरणी गेल्यावर माझ्याजवळ दोन गोष्टी उरल्या : राग आणि लेटरहेड. या दोन गोष्टी एका घरात असल्या की ते घर कोणत्याही दिवशी मोडू शकते. माझे मोडता मोडता राहिले.

संपानंतर काही वर्षांनी माझ्या मुलाने माझगावच्या एका कोळ्यांच्या मुलीशी लग्न केले. आम्ही कोकणातले, गिरणीतले; तिची आई भायखळ्याच्या बाजारात मासळी विकणारी. माझ्या पत्नीने होकार दिला, पण तो अटींसह होता, आणि त्या अटी तिने कोणाला सांगितल्या नव्हत्या. सून कामाला वाघ, बोलायला थोडी. तिला दिवस गेले. सहाव्या महिन्यात ग्रहण आले. ग्रहणात गर्भारणीने काही चिरू नये, कापू नये, अंथरुणावर सरळ पडून राहावे, हे आमच्याकडे कडक. त्याच दिवशी माझगावला तिची आई तापाने फणफणलेली, टोपलीत बांगडे, बर्फ वितळत चाललेला. सून गेली, विळीवर बसली आणि बांगडे कापून आली.

पुढे मूल झाले, मुलगा. त्याची पाठ खाली कमरेजवळ मिटलेली नव्हती. दोन दिवस जगला.

"गिराणात मासळी चिरल्यान," माझी पत्नी येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगू लागली. "पोराची पाठ चिरली नाय तर काय होतला? कोळणीचो हात तो. विळी सुटतली काय?"

सून ऐकत असे आणि भांडी घासत असे. मुलगा दोघींपैकी कोणाच्याच बाजूने बोलला नाही. घरात कोणीतरी बोलायला हवे होते. ते काम मी माझ्या पद्धतीने केले. मी तिच्या वडिलांना पत्राचा मसुदा लिहिला. "आपल्या कन्येने घरच्या वडीलधाऱ्यांची स्पष्ट सूचना असताना, जाणूनबुजून व हेतुपुरस्सर..." अशी सुरुवात होती आणि "...सबब तिला आपण आठ दिवसांत परत घेऊन जावे," असा शेवट. अक्षर सुंदर, मुद्दे क्रमवार, खाली कार्बन. मी त्या मुलीशी बोलणे टाकले. तिच्या हातचा चहा टाकला. दिवसांमागून दिवस मी तो मसुदा टेबलावर ठेवून त्यातले शब्द आणखी टोकदार करीत राहिलो, आणि मी हे सांगतो ते स्वतःची शोभा म्हणून नव्हे : मला त्यात समाधान वाटत होते.

फक्त एक उणीव होती. पुराव्याला परिशिष्ट हवे होते. तज्ज्ञाचा दाखला. आणि कण्याची तज्ज्ञ तर माझ्याच मजल्यावर राहत होती.

बाईंनी माझी विनंती पूर्ण ऐकून घेतली. "म्हणजे ग्रहणात बांगडे कापल्यामुळे गर्भाची पाठ उघडी राहिली, असा दाखला मी द्यायचा?"

"वस्तुस्थिती असेल तर."

"दाखला साक्षीदारांना भेटल्याशिवाय देत नाही. दोन दिवस लागतील. उद्या सकाळी प्रयोगशाळेत या. आंघोळ करून या, हात स्वच्छ हवेत."

मी गेलो. परळची ती इमारत बाहेरून गिरणीच्या कचेरीसारखीच होती. आत ऊब आणि अंड्यांचा, मिठाच्या पाण्याचा वास. बाईंनी पेटीतून एक अंडे काढले. ते आडवे ठेवलेले, वर पेन्सिलीची खूण. कवचाला बारीक कात्रीने खिडकी पाडली, आत सुईने काळ्या शाईचा एक थेंब गर्भाखाली सोडला, आणि ते अंडे सूक्ष्मदर्शकाखाली सरकवले.

"दोन्ही डोळ्यांनी बघा. एका डोळ्यानं बघायची सवय कोर्टात ठेवा."

काळ्या शाईवर एक फिकट, लांबट पट्टी दिसली, चपलेच्या तळासारखी. तिच्या दोन्ही कडा किंचित उचललेल्या.

"ही पाठ. सपाट आहे. आता या दोन कडा उठणार, एकमेकींकडे झुकणार आणि जुळणार. मग त्याची नळी होईल. तीच मज्जारज्जू."

मी दिवसभर तिथे बसलो. बाई दर दोन तासांनी दुसरे, तितकेच पुढचे अंडे उघडत. कडा उठल्या, मधे घळ झाली, डोक्याच्या बाजूने जुळू लागल्या, ताग्याच्या दोन किनारी कोणी अदृश्य हाताने शिवत यावे तशा. चौकशीसाठी आलेला मी, दुपारी डबा खायला विसरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपटीपर्यंत सगळे जुळलेले होते. एका अंड्यात मात्र नव्हते. खाली घळ तशीच उघडी.

मी बराच वेळ वर पाहिले नाही. दोन दिवसांचा नातू मी एकदाच पाहिला होता.

"हे का मिटलं नाही?" मी विचारले. "याच्या आईनं काय केलं?"

"कोंबडी हो ती, चिटणीस," बाई अगदी हळू म्हणाल्या. "तिनं काय चिरलं असेल? ही सगळी अंडी एकाच टोपलीतली. ऊब एक, तास तेच. एक मिटलं नाही. का, ते पुरतं कुणालाच ठाऊक नाही अजून."

"मग दोष कोणाचा?"

"दोष तुमच्याकडचा शब्द आहे. माझ्याकडे 'झालं' आणि 'नाही झालं' एवढंच असतं."

मला राग आला. दोष नसलेले प्रकरण मी आयुष्यात हाताळलेले नव्हते. बाईंनी माझ्या रागाकडे लक्ष न देता एक काचपट्टी काढली. मिटलेल्या नळीचा आडवा छेद. गोल चकती, आणि तिच्या तळाशी दोन बाजूंना तपकिरी ठिपक्यांचे दोन पुंजके.

"या पेशी पुढे पाय हलवणार. वरच्या बाजूच्या असतात त्या चटका लागला, काटा टोचला, याची बातमी पोचवणार. आणि सगळ्यांकडे पुस्तक एकच. जनुकांचं. अक्षरन् अक्षर तेच."

"मग कामं वेगळी कशी?"

"नळीच्या खाली ही वेगळी बारीक दोरी बघा. हिच्याकडून काहीतरी पाझरतं. जी पेशी जवळ तिला जास्त, लांब तिला कमी. त्यावर ठरतं की पुस्तकातलं कोणतं पान उघडायचं आणि कोणतं मिटायचं. आणि आता हे बघा." दुसरी पट्टी. इथे पुंजके तीन होते. तिसरा भलत्याच जागी, कडेला. "मी त्या दोरीचा तुकडा कापून शेजारी नेऊन ठेवला. तिथल्या पेशी दुसरंच काही व्हायच्या होत्या. झाल्या पाय हलवणाऱ्या."

"जॉबर!" मी म्हणालो.

"काय?"

मी समजावले. गिरणीत माणूस येई तो नुसता माणूस असे. दारात जॉबर, म्हणजे माणसे भरणारा मुकादम, उभा. ज्याला त्याने बोट दाखवले तो साचेखात्यात, ज्याला नाही दाखवले तो वाइंडिंगला, सूत गुंडाळायला. चाळीस वर्षांनी त्याला विचारा, तो म्हणेल मी जन्मजात विणकर.

बाईंनी हातातला चिमटा ठेवला. "आणि काम झाल्यावर जॉबरचं काय होतं?"

"काही नाही. गावी जातो."

"अगदी! ही दोरीही पुढे जवळजवळ नाहीशी होते." त्या इतक्या खूष झाल्या की शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून त्यांनी मला तेच पुन्हा सांगायला लावले.

मग त्या टेबलाशी बसल्या, कागद ओढला आणि एकदम माझ्याच सुरात विचारू लागल्या. "ग्रहण कितव्या महिन्यात?"

"सहाव्या."

"नक्की? साक्षीदार?"

"माझी पत्नी. पंचांग."

"माणसाच्या गर्भात ही नळी गर्भ राहिल्यापासून चौथ्या आठवड्यात मिटते. मिटली तर मिटली. चौथा आठवडा म्हणजे काय, कळतंय ना? तेव्हा तुमच्या सुनेला दिवस गेल्याची धड खात्रीसुद्धा नव्हती."

आयुष्यभर मी ज्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला, ती माझ्यावर उलटली होती. तारीख. गुन्हा चौथ्या आठवड्यातला. आरोपीच्या हातात विळी आली ती सहाव्या महिन्यात. असा खटला घेऊन मी कोणत्याही न्यायाधीशापुढे गेलो असतो तर त्याने मला पायरीवरूनच परत पाठवले असते.

बाईंनी दाखला लिहिला. तो माझ्यापाशी आहे : "प्रमाणित करण्यात येते की, विचारणा झालेला दोष गर्भधारणेनंतरच्या चौथ्या आठवड्यात घडतो. ग्रहण सहाव्या महिन्यात झाले. सबब, घटना घडली त्या वेळी ग्रहण, विळी आणि बांगडे यांपैकी काहीही जागेवर हजर नव्हते." खाली सही. तारीख माझ्यासमोर टाकली, आणि तास व मिनिटेही.

मी चालत घरी आलो. सून ओट्यापाशी उभी होती. मी खुर्चीवर बसलो आणि तिला म्हणालो, "चहा ठेव गं थोडा." ती आत गेली, काही वेळाने बाहेर आली, आणि मग तिने चहा ठेवला. त्या चहाला साखर जास्त पडली होती. मी तो सगळा प्यायलो. छातीवरून एखादे लोखंडी कपाट कोणी उचलून न्यावे तसे मला वाटत होते, आणि ते कपाट मीच तिथे ठेवले होते हेही कळत होते.

पत्नीला मी दाखला मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा. ती म्हणाली, "मगे आता गिराण पाळूचा नाय काय?"

"पाळ. पण हिच्या नावावर घालू नकोस."

ती दुसऱ्या दिवशी सकाळी तेलाची वाटी घेऊन सुनेच्या मागे बसली आणि तिचे केस विंचरू लागली. क्षमायाचनेचा याहून सविस्तर नमुना आमच्या घराण्यात उपलब्ध नाही.

बाई औषध देत नसत, पण त्या वेळी मुलाला आणि सुनेला समोर बसवून त्यांनी बजावले : पुढच्या खेपेचा विचार कराल तेव्हा आधी हॉस्पिटलात जा, एक जीवनसत्त्वाची गोळी असते ती डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा. "आधीपासून. कळल्यावर नव्हे. कळेपर्यंत माझं खातं बंद झालेलं असतं."

पुढे एकदा बाईंनी चाळीत पेढे वाटले. पहिल्या मजल्यापासून गच्चीपर्यंत, स्वतःच्या हातांनी. लोकांनी विचारले, लग्न ठरले की काय. बाई म्हणाल्या, "दोरी काय बोलते ते सापडलं!" मी विचारले, तुम्हाला सापडले? "छे, छे. परदेशात. तीन-चार ठिकाणी एकदम."

"दुसऱ्यांना सापडलं तर पेढे तुम्ही का वाटता?"

"अहो, किती वर्षं मी म्हणत होते की ते काहीतरी पाझरतं, आणि ते काय ते मला मिळत नव्हतं. कधी कधी वाटायचं की मला भ्रम झालाय. नव्हता! आता मी शांत झोपेन." त्या पदार्थाला शोधणाऱ्यांनी मुलांच्या खेळातल्या एका पात्रावरून दिलेले नाव इतके पोरकट होते, की ते उच्चारायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. आपल्या हातून निसटलेल्या यशाबद्दल इतका निर्भेळ आनंद मी दुसरा पाहिलेला नाही. मी तर हरलेल्या तारखांचीसुद्धा फाईल ठेवतो.

निवृत्तीनंतरही त्या मला नवे काही कळले की बोलावून सांगत. एकदा म्हणाल्या, नळीतल्या शेजारशेजारच्या पट्ट्यांची सीमा इतकी रेखीव कशी, तेही कळले. इकडचे जनुक तिकडच्याला दाबते आणि तिकडचे इकडच्याला, म्हणून मधली पेशी 'थोडी ही, थोडी ती' राहू शकत नाही. मी म्हणालो, "म्हणजे दोघेही एकमेकांवर मनाई हुकूम आणतात." बाई हसत सुटल्या. "इतकी वर्षं शिकवलं, हे वाक्य काही सुचलं नाही."

दुसरी खेप सुखरूप झाली. मुलगी. हॉस्पिटलातून घरी आणली त्या दुपारी कण्याच्या बाई आल्या. त्यांनी बाळाचा चेहरा पाहिला नाही, नाक कोणासारखे ते विचारले नाही. हात धुतले, बाळाला पालथे आपल्या तळव्यावर घेतले, आणि एक बोट मानेपासून कमरेपर्यंत सावकाश फिरवले. खोलीत माझी पत्नी होती, माझगावची विहीण होती, सून होती.

"छान मिटली आहे," बाई म्हणाल्या. "सबंध."

विहीणबाईंनी तिथल्या तिथे फतकल मारली आणि त्या रडू लागल्या. माझी पत्नी त्यांच्याशेजारी बसली. बाई बाळाला परत देताना सुनेला म्हणाल्या, "आता माझा हिच्याशी संबंध संपला. मला चौथ्या दिवसापुढचं काही कळत नाही." पण दर वाढदिवसाला त्या पोरीसाठी येत राहिल्या.

बाई गेल्या त्याला आता काही वर्षे झाली. सत्तावीसला कुलूप आहे.

मागच्या महिन्यात, मनोऱ्याच्या कागदांसाठी मी माझ्या फायली उपसल्या. सून हाताशी होती. तिने 'खाजगी' असे लिहिलेली फाईल झटकली, आणि तिच्यातून तो मसुदा खाली पडला. मी वाकायच्या आत तिने उचलला.

"हा अजून ठेवलाय, मामंजी?"

"तुला... तू हा पाहिला होतास?"

"पहिल्याच दिवशी. केर काढताना. कार्बन उताणा पडलेला टेबलावर."

इतकी वर्षे. "मग बोलली का नाहीस?"

"काय बोलनार? बोलले असते तर तुम्ही रागानं तिथल्या तिथं तारीख टाकली असती." तिने कागद उन्हाच्या बाजूला धरला. "तारीख नव्हती वर. तारीख टाकल्याशिवाय तुमचा कागद जात नाय, हे अख्ख्या चाळीला ठाऊक. रोज सकाळी केर काढताना बघायची. आज पडली काय? नाय. आज? नाय. पिशवी भरून खाटेखाली ठेवलेली. दोन साड्या, आयचं एक पातेलं. मग त्या दिवशी तुम्ही बाईंकडनं आलात, नि चहा मागितलात. माझ्याकडं."

"मग?"

"मग काय. आत गेले, पिशवी रिकामी केली. नि आधण ठेवलं."

तिने तो मसुदा चार घड्या करून केराच्या सुपात टाकला. मी आक्षेप घेतला नाही. कार्बन प्रतही तिने शोधून काढली. त्यावरही घेतला नाही.

पुढचे फक्त माझ्याकडच्या प्रतीवर : हा शेरा पुरा झाल्यावर मी तो तिच्यापुढे ठेवला. ती ओट्यापाशी उभी राहून, ओठ हलवत, शेवटपर्यंत वाचत गेली. मग म्हणाली, "याच्यावरपण तारीख नाय."

मी पेन तिच्या हातात दिले.

तिने आजची तारीख टाकली, पाकीट बंद केले, पदराला हात पुसले आणि टपालपेटीत टाकायला स्वतःच जिना उतरली.